काकूंनी खाल्लेली गमी

आई, लिहिण्यात चुका होतील, ऱ्हस्व-दीर्घ मले अजून जमत नाही, अन् एका बोटानं टाइप करून राहिली म्हणून वेळ पण लागते. तू गेल्यावर नववीत शाळा सोडली मी, हे तुले माहीत नाही. हजेरीले "प्रेझेंट" म्हणायले पण तोंड उघडत नव्हतं माझं. आता घरी गमी बनवते. लहान पोरं चघळतात ते, रबरासारखं गोड. संत्र्याचा थोडा थंडा रस घ्यायचा, त्यात जिलेटिनची पावडर फुगू द्यायची, मग भांडं गरम पाण्यावर ठेवून विरघळवायची. रस उकळला की कडू होते, हे चार वेळा फेकल्यावर समजलं. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रिजमध्ये ठेवलं की जमते. नंदनवनातल्या आपल्या गल्लीतले सगळे पोरं मागतात.

समोरच्या काकूंनी नातीच्या वाढदिवसाले गमी करायले सांगतल्या. एक खाऊन पाह्यली, म्हणे, "मस्त झाली वं. व्हेजच आहे ना?" त्या अंड्याचा केक पण घरात येऊ देत नाहीत. मी मान हलवली. बोलावं लागू नये म्हणून मी सगळ्यालेच मान हलवते. पावडर केकच्या सामानाच्या दुकानातून खुल्ली आणली होती, मले वाटलं कॉर्नफ्लोरसारखं काही असेल. काल एका व्हिडिओत कळलं, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं बनते.

तेव्हापासून मले हुडकेश्वरचं ते घर आठवून राहिलं, जिथं तू स्वयंपाकाले जायची अन् अंडं चालत नव्हतं. मी सात वर्षांची. मागच्या पायरीवर बसून डब्यातलं आमलेट खाते, अन् मीठ कमी वाटलं म्हणून आत येऊन तोच हात त्यांच्या मिठाच्या बरणीत घालते. तू सोडून कोणी पाहत नाही. तू सरळ जाऊन मालकिणीले सांगतेस. ती बरणी नालीत रिकामी करते अन् दोन दिवस तुझ्याशी बोलत नाही. घरी येताना मी रडत विचारलं, "काहून सांगतलं? तिनं तर पाह्यलंच नव्हतं." तू म्हटलं, "मी पाह्यलं होतं ना वं." लय राग आला होता मले तुझा.

आज सकाळी गेली. दारातूनच एका दमात बोलली, "काकू, त्यात जनावराच्या हाडाची पावडर होती, मले माहीत नव्हतं, मी उगाच मान हलवली." काकू आत गेल्या. चुळा भरल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. मी पळणारच होती, पण नाही पळाली. पदराले तोंड पुसत आल्या.

"त्या दिवशी तोंड नव्हतं का तुले?"

"नव्हतं."

त्यायले हसू आलं, थोडंसंच. "चायना ग्रासनं होते का?"

"होते. पण कडक होते थोडी."

"होऊ दे कडक. पुडा आहे माझ्याकडे. पण माझ्या भांड्यात, माझ्याच गंजात कर, माझ्यासमोर."

मग त्यांच्या गंजात चायना ग्रास, ते समुद्राच्या शेवाळाचं असते, पाण्यात उकळलं, खाली उतरवून रस टाकला. कडू नाही झालं. काकू बाजूले उभ्या राहून एकेक विचारत होत्या, अन् मी सांगत होती, आई. तोंडानं.

हे पाठवत नाही. तुझा नंबर आता दुसऱ्याच कोणाचा आहे, व्हॉट्सॲपच्या फोटोत ट्रॅक्टर आहे. अन् खरं सांगू, उरलेल्या जिलेटिनवाल्या गमी फेकल्या नाहीत, मीच खाऊन राहिली.

अन् हो, दादाचं लग्न जमलं. पोरगी पारशिवनीची आहे.