दुसऱ्या वाटीचे पैसे वेगळे

३ फेब्रुवारी, सोमवार

झाला एकदाचा गाळा सुरू! बायपासला लागून नवं अंगण व्हिलेज. नाव व्हिलेज, पण राहत कुणीच नाही. नुसती भारी भारी दुकानं. मधोमध विहीर आहे, तिला काच बसवलीय. आत पाणी नाही, दिवे आहेत. समोरच्या दुकानात गोवऱ्या रिबीन बांधून मांडल्यात! आमच्या ह्यांनी किंमत वाचली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. म्हणाले, "आपली म्हस लई श्रीमंत हाये जया, आपल्यालाच ठावं नव्हतं."

हसले खूप. पण बायपास झाल्यापासून कळंबच्या जुन्या रस्त्यावर आमच्या खानावळीकडे कुणी फिरकत नव्हतं. ती बंद करून होतं नव्हतं ते इथे घातलंय. हा गाळा गेला तर चूल मांडायला दुसरी जागा नाही.

दिवसभर एकच प्रश्न — मासवडीत मासा असतो का? शेवटी आरतीनं पाटी लावली. बेसन, तीळ, खोबरं. मासा नाही! पोरगी बी.कॉम. झाल्याचा काहीतरी उपयोग.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोहित सरांनी सगळ्या गाळेवाल्यांची मीटिंग घेतली. सर कसले, आरतीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. पण मॅनेजर आहे, सर म्हणायचं.

नियम असे — रस्सा एकच वाटी. दुसरी मागितली तर बिलात लावायची. गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत घ्यायचं नाही. त्याची घरची चौकशी करायची नाही. पुरुष सर, बाई मॅडम. आणि ह्याच महिन्यात कंपनीचं माणूस तपासणीला येणार, गिऱ्हाईक बनून! "तुम्हाला ओळखूसुद्धा येणार नाही, जयाताई." नापास झाला त्याचा गाळा खाली.

रस्सा मोजून वाढायचा! तशी बाई मी आजवर पाहिली नाही. आता आरशात बघावी लागणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

माझा भाऊ जानकू आला. आरतीसाठी स्थळ आणलंय — ओतूरचं, मुलगा चाकणला कंपनीत, बागायत घरची, मुलाची मावशी पुण्यात शिक्षिका. "पर ताई, कांदेपोह्याच्या आदुगर ती लोकं एकदा गुपचूप येऊन बघून जानारेत. गिऱ्हाईक म्हनून. तू वळख दाखवू नगंस."

म्हणजे एक लपून येणार गाळा बघायला आणि दुसरे लपून येणार पोरगी बघायला! आणि मी? मी सगळ्यांकडे बघून हसत राहायचं. गाल दुखायला लागलेत.

आरतीला सांगितलं. पुसलेलंच टेबल परत पुसत बसली. लाजली असावी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कुणी आलं नाही. लाइटचं मीटर बघणाऱ्याला सर म्हटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आली तपासणी! मी नसती ओळखली. आरतीनं ओळखली!

दुपारी एक म्हातारा आला, धोतर-टोपी. बरोबर म्हातारी आणि एक मिशीवाला. मला वाटलं, भीमाशंकरहून परतणारी साधी माणसं. आरती कानाशी आली. "मम्मी, हीच तपासनी. धोतर बघ कसं कोरं करकरीत! नाटकातलं वाटतंय." बघितलं तर खरंच कोरं.

मग काय, मी अशी काही नियमात शिरले! म्हाताऱ्यानं टेबलाखाली वाकून बघितलं, पाणी कुठून भरता विचारलं, भाकरी थापताना आरतीचे हात निरखले. तपासणीच की! मग म्हणाला, "बाय, जरा रस्सा वाढतीस का?"

"सर, दुसऱ्या वाटीचे पैसे वेगळे."

त्यानं मागे वळून बघितलं, सर कोण आलाय म्हणून. काय तो अभिनय! म्हातारी म्हणाली, "पोरगी कुनाची गं ही? शिकली किती?" हा तर सरळ सापळा. मी म्हटलं, "मॅडम, कर्मचाऱ्यांची खासगी माहिती देता येत नाही." मिशीवाल्याचा घास हातातच राहिला.

बिल देऊन गेले. जिंकलो! ह्यांना म्हटलं, आज गोड करते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज तर कळसच. मावशी आली! पुण्याची शिक्षिका, कॉटनची साडी, बारीक कापलेले केस, एकटीच. टेबलावर बसली ती थेट आरतीकडे बघत. "मुलगी तुमचीच का?" म्हणाली. मी काय ते समजले.

ओळख दाखवायची नाही, ठीक. पण पाहुणचार तर करायचा! तपासणी कालच उरकली होती, आता भीती कुणाची? आत नेलं, चुलीजवळ पाट दिला. रस्सा तीनदा वाढला, नको नको म्हणत असताना. घरी माणसं किती, मालक काय करतात, सगळं विचारलं. आरती सारखी पदर ओढत होती — "मम्मी, गिऱ्हाईक हाये ते! भाईर बसव त्यांना!" चेहरा पांढराफटक. म्हटलं, किती लाजावं पोरीनं.

सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलगा चाकणहून रोज जाऊन-येऊन करतो का?" बाई म्हणाली, "कुठला मुलगा?" हे लोक सगळे नाटकातच का जात नाहीत?

निघताना हळदीकुंकू लावलं आणि नारळ-ब्लाउजपीस घालून ओटी भरली. गडबडून गेली बिचारी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जानकूचा फोन. ओतूरकरांनी नकार कळवला. "ताई, तू म्हाताऱ्याला रस्सा मोजून घातला? ती म्हनत्यात, आमच्या पोराला सासुरवाडीला जेवाया मिळायचं न्हाई! आन पोरीचं शिक्षान इचारलं तर तू मॅडम मॅडम करत व्हतीस म्हनं."

फोन ठेवला. म्हणजे शनिवारचे ते ओतूरचे! मग रविवारची बाई कोण?

२० फेब्रुवारी, गुरुवार

कळलं, कोण ते.

मोहित सरांनी केबिनमध्ये बोलावून रिपोर्ट वाचला. रस्सा — प्रमाण नाही. गिऱ्हाइकाला चुलीपर्यंत नेलं. नवऱ्याचा पगार विचारला. बोलता बोलता सर थांबले. "जयाताई, एक कळत नाही. ब्लाउजपीस कशासाठी?"

काय सांगणार? महिनाअखेर गाळा खाली करायचा.

रात्री जेवण गेलं नाही. पोरीचं स्थळही घालवलं आणि पोटाचं साधनही, तेही हसून हसून! ह्यांच्यासमोर रडले. हे म्हणाले, "त्या बाईचा फोन नंबर तरी घेयचा. नारळ तरी परत मागितला असता."

२२ फेब्रुवारी, शनिवार

आरती एकटीच मोहित सरांच्या केबिनमध्ये गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली ती हातात नवा करार घेऊन. गाळा आता तिच्या नावावर, पुढच्या महिन्यात परत तपासणी. अट एकच — मालकीणबाईंनी काउंटरवर यायचं नाही.

मालकीणबाई म्हणजे मी!

पदवी घेऊन पोरगी एवढं बोलायला शिकली, मला पत्ताच नव्हता. गाळा वाचला म्हणून जीव भांड्यात पडला. आणि काउंटर सोडून आत चुलीपाशी जाताना डोळ्यांत पाणीही आलं, खोटं का लिहू.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आता मी आत, खिडकीच्या अलीकडे. आरती बाहेर रस्सा मोजते. मी खिडकीतून वाटी काठोकाठ भरून देते, ती पळीभर परत ओतते. दिवसभर हेच. गर्दी मात्र बरी आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जानकू काल शिवरात्रीला भीमाशंकरला गेला होता, परतताना आज जेवायला थांबला. आत माझ्यापाशीच बसला. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "एक कळत न्हाई बघ ताई. त्या ओतूरवाल्यांचा फोटू तर मी आदुगरच आरतीच्या मोबाईलवर धाडला व्हता, तुला दाखवाया. म्हातारा, म्हातारी, समदी व्हती त्यात. तरी तू वळखलं कसं न्हाईस?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. आरतीचा हात वाटीवरच थांबला होता. मान काही वर केली नाही.

म्हटलं, "मला दिसतं रं कमी आताशा. न्हाई वळखलं." आणि त्याला रस्सा वाढला.