साच्यांना तडे आणि माझं प्रोबेशन

३ फेब्रुवारी, सोमवार
फाउंड्रीत ओतलेल्या पंपाच्या चाळीस चाकांपैकी अकरा बाद. कडेला स्टीलचे पापुद्रे. म्हणजे वितळलेलं स्टील ओतण्याआधीच सिरॅमिकच्या साच्याला तडा होता, त्यातून ते बाहेर आलं. ब्रॅमवेलसाहेब म्हणाले, शुक्रवारी तुझं प्रोबेशन संपतंय. तोवर कारण शोध, नाहीतर आईकडे जाऊन राहा. मी म्हटलं, बुधवारपर्यंत शोधतो. का म्हटलं कुणास ठाऊक.

४ फेब्रुवारी
सापडलं. साचे नीट वाळत नाहीत. डोरीन एकतीस वर्षं मेणाच्या चाकांवर सिरॅमिकचा लेप चढवून साचे असेच वाळवतेय. म्हणजे शेफिल्डमध्ये एकतीस वर्षं चुकतंय.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
वाळवणाच्या खोलीत हीटर लावला. बावीसचे एकतीस डिग्री केले. डोरीन म्हणाली, बाळा, आत मेण आहे, ते फुगतं. वरचं कवच फुगत नाही. मी ग्राफ काढून समजावलं. तिने ग्राफवर चहाचा मग ठेवला.

संध्याकाळी ५
वीस साच्यांवर केसाएवढ्या रेषा. लाइटमुळे असेल. हीटर कपाटात. कुणाला बोललो नाही.

६ फेब्रुवारी
झोप शून्य. साच्यांतलं मेण काढून झालं. उद्या दोनला गार्थ त्यांत स्टील ओतणार. सोळाशे डिग्री. साचा फुटला तर थेट त्याच्या पायांवर. तो रोजच्यासारखं म्हणाला, काय प्रोफेसर, आज काय मोडलंस? सांगायचंच. पण आधी रीतसर रिपोर्ट.

७ फेब्रुवारी, दुपारी १.३५
रिपोर्ट पाच पानं झाला. त्यात हीटरचं नाव अजून आलेलं नाही.

१.५०
जातो.

३.१०
भट्टीसमोर जाऊन ओरडलो, थांबा, वीस साचे फुटके आहेत, मी फोडले. गार्थ म्हणाला, ते होय, ते सकाळीच भंगारात गेले. त्या अकरांनंतर डोरीन प्रत्येक साचा बोटाने वाजवून बघते. तडा असला की बद्द वाजतो.

आधीच्या अकरांचं कारणही तिला माहीत होतं. मागच्या महिन्यात वाळवणाच्या खोलीचा एसी दोन दिवस बंद होता, भट्टीच्या धगीने आतलं मेण फुगलं होतं. मला का नाही सांगितलं, म्हटलं. ती म्हणाली, तू विचारलंस कधी? तू सांगतच होतास.

५.००
प्रोबेशन तीन महिने वाढलं. सोमवारपासून साचे वाजवून तपासायचं काम माझं. गार्थला हे अजून कळलेलं नाही. सरावाला डोरीनने भंगारातले ते वीस दिले. एकेक वाजवला, कान लावून ऐकला.

मला वीसच्या वीस चांगले वाटले.