सुपारीएवढं पोवळं

बुधवार, दिवेलागणीनंतर



दुकानदाराने काचेच्या टाकीसाठी दोन दिवे बघायला दिलेत, एक पांढरा, एक निळा. उद्या त्यातला एक परत करायचाय. टाकीत खारं पाणी आणि त्यात सुपारीएवढं जिवंत पोवळं. आणल्यापासून आपलं तपकिरी. निळ्याखाली ते जास्त चांगलं जगतं म्हणे. तरी मी पांढऱ्याच्याच बाजूने होतो. हौसेने आणलेली वस्तू नीट दिसायला नको?

निळ्यावर आईने कालच शेरा मारला होता, "वरातीतली गाडी आणलीस का घरात?" पण तिन्हीसांजेला अंधार नको म्हणून ती घरभर ट्यूब लावते. त्या उजेडात निळा कळणार कसा?

आज तिला म्हटलं, "आई, पाच मिनिटं काही लावू नकोस."

"वा! तिन्हीसांजेला अंधारात बसायचं." पण बसली.

निळा लावला. आणि ते सुपारीएवढं पोवळं हिरवं झालं. हिरवं म्हणजे... कसं लिहू? उजेड त्याच्यावर पडल्यासारखा नाही, त्याच्या आतून आल्यासारखा. हे सगळं त्याच्यात होतंच? आणि मी त्याला तपकिरी म्हणत होतो!

आईचा शेरा येईना म्हणून वळून पाहिलं. रोज देवापाशी दिवा लावल्यावर जोडते तसे तिने हात जोडले होते. टाकीला.

म्हटलं, "ट्यूब लावू आता?"

"थांब रे जरा."