मेंदीचे पाच

१० मे २०२१, सोमवार

ईद तीन दिवसांवर. गरोदर बायकांच्या तपासणीला आज चौतीस जणी, आणि एकीचंही बोट मोकळं नाही! नखापासून पेरापर्यंत काळीभोर मेंदी. ऑक्सिमीटर बिचारं काय वाचणार? आमच्या आरोग्य केंद्रात त्यावर एक सोय आहे – येईल त्या आकड्यात मेंदीचे पाच मिळवायचे. कुणी सुरू केलं आठवत नाही. बहुधा मीच.

तमाडुर आली होती. पहिलटकरीण, आठवा महिना. सोबत आई, हाज्जा नफीसा. चार दिवस कणकण आणि धाप. यंत्र म्हणालं नव्वद. "ही मेंदी यंत्राला फसवते," असं म्हणून मी पंचाण्णव लिहिले. धाप आठव्यात लागतेच. हाज्जा सांगत होती, काल संध्याकाळी हिच्या शेजारी बसून कॉफीच्या बिया भाजल्या, तरी हिला वास नाही. तमाडुर म्हणाली, आईच्या कॉफीला वास असतोच कुठे! मीही हसले. बाळाचे ठोके उत्तम. ईद झाली की या, म्हटलं.

१५ मे, शनिवार

आमच्या सुईणीचा, इख्लासचा फोन. तमाडुरला काल ओबेद शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ओठ निळे पडले होते. कोरोना, दोन्ही फुप्फुसं भरलेली. पोट उघडून मुलगी काढली. मुलगी बरी आहे. तमाडुर श्वासाच्या यंत्रावर.

ईदची बिस्किटं ताटात तशीच पडली आहेत.

१७ मे, सोमवार

गेली.

१९ मे, बुधवार

तिचं कार्ड परत आलं. माझं अक्षर, माझे पंचाण्णव. वास गेलेला, ताप, धाप – सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मी श्वासही मोजले नाहीत. एक मिनिट लागतं त्याला, घड्याळ हातावरच होतं. पायाची बोटंही काळी होती, पण कान? कानाला कुठे मेंदी असते! यंत्राचा चिमटा पाळीला लावायचा, बस. रक्ताची तपासणी, छातीचा फोटो, चार दिवस आधी ऑक्सिजन... वाचली असती का? माहीत नाही. पण मी तिला घरी पाठवलं, हे माहीत आहे.

केंद्रानं भरायच्या मृत्यूच्या फॉर्मवर कारणाचा रकाना होता. "उशिरा आणली" लिहिलं. सगळे तेच लिहितात.

२४ मे, सोमवार

हाज्जा आज नातीला वजनाला घेऊन आली. हाताची मेंदी घासून घासून काढलेली, कातडी सोललेली. तमाडुरला मेंदी तिनंच लावली होती. सगळ्या बायकांसमोर तिनं मला शांतपणे विचारलं, "मेंदीनं गेली का ग माझी पोर?"

मी म्हटलं, अल्लाची मर्जी. किती पटकन आलं तोंडात! बाळाचं वजन दोन किलो शंभर. रांगेतल्या बायका आपापल्या बोटांकडे बघत राहिल्या.

२६ मे, बुधवार

आजपासून चिमटा कानाला. मेंदीचे पाच बंद. इख्लास म्हणाली, "हे आधी सुचलं नाही कुणाला." तिनं टोमणा मारला नव्हता, तरी मी तिच्यावर ओरडले. मग हात धुवायला बाहेर गेले आणि नळाशी उभी राहून रडले.

३१ मे, सोमवार

हाज्जा आली. पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, हाज्जा. ती तशीच बघत राहिली, जणू अर्धंच उत्तर मिळालं. पुढे बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या बाईला हाक मारली – मीच.

भेकड आहे मी. एका म्हातारीला तिच्या हातांची शिक्षा भोगू देते आहे, कारण मला नोकरी प्यारी आहे, नाव प्यारं आहे. डॉक्टरीणबाई!

६ जून, रविवार

उद्या सांगायचं. लिहून ठेवते, म्हणजे पळता येणार नाही. फॉर्मही बदलून मागायचा.

७ जून, सोमवार

तिनं विचारायच्या आधीच सांगितलं. बायकांसमोर. मेंदीनं काही केलं नाही हाज्जा, यंत्र खरं बोलत होतं, आकडा मी बदलला, घरी मी पाठवलं.

हाज्जानं नातीचं दुपटं नीट केलं. म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात माझ्यासमोर यंत्र तिच्या कानाला लावलं होतं, लेकी. मेंदी कुठे आड आली नाही. तेव्हाच कळलं मला. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

मग बाळ वजनकाट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बघ. आणि आहे तेवढंच लिही."