एकानंतर दहा

चि. जावईबापूंस,

आशीर्वाद आहेतच, पण या खेपेस जरा हात आखडून. (मनाला लावून घेऊ नका. राग तुमच्यावर नाही, तुमच्या हातच्या कामावर आहे. आता ते काम तुम्हीच करता, त्याला माझा इलाज नाही.) ऑफिसात बसून बसून तुमची कंबर धरली होती, ती सुटली का? चिंगीचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, लेकीने बापाला आपणहून फोन केला तर दूरध्वनी खातं तिला पकडून नेत नाही. आणि गेल्या सोमवारपासून तुमच्या सासूबाई तुमच्याकडे आहेत, त्या जेवतात ना नीट? रक्तदाबाची गोळी त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते आणि त्या बाहेरच्या कप्प्यात शोधतात, एवढं लक्षात असू द्या. माझी प्रकृती उत्तम. भात रोज करपतो, दूध रोज उतू जातं आणि मी रोज त्याच्याकडे बघत उभा असतो. असो.

तर मुद्द्यावर येतो. लग्न ठरलं तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं की तुम्ही नक्की करता काय, आणि तुम्ही सांगितलं होतं की कॉम्प्युटरमधल्या फायली ओळीने लावणारं सॉफ्टवेअर तुमची कंपनी बनवते. मी त्या वेळी मान डोलावली. (जावयासमोर सासरा दुसरं काय डोलावणार?) पण आज विचारतो, की अहो, कसली ओळ लावता तुम्ही? इंग्रजी आकडे दिले की तुमच्या सॉफ्टवेअरला बरोबर कळतं की आधी दोन, मग तीन, आणि दहा पार पुढे. तेच आकडे मराठीत लिहा. पहिल्यांदा १, त्याच्या मागोमाग १०, मग ११, मग १२, आणि ही सगळी मंडळी स्थानापन्न झाल्यावर २! एवढे शिकलेले लोक गलेलठ्ठ पगार घेऊन बसलात आणि एकानंतर दहा? पाढे तरी पाठ केले होते का तुमच्यापैकी कोणी?

या एका गोष्टीपायी माझा संसार उधळला आहे. तुमच्या सासूबाईंनी रहस्यकथा लिहिली हे तुम्हाला ठाऊक आहेच. नोकरीत असल्यापासून तिच्या डोक्यात होती, निवृत्त झाल्यावर कागदावर आली. हार्मोनियम शिकवणाऱ्या एका बाईंचा त्यांच्या स्वतःच्याच घरात खून होतो, असा एकंदर प्रकार. बारा प्रकरणं. आमच्या वाचक मंडळाने ठरवलं की लेखिकेच्याच आवाजात ती ध्वनिमुद्रित करून सगळ्यांना ऐकवायची. म्हणून आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला दोन दुलया टांगल्या, पंखा बंद केला, आणि मला शिंकायची बंदी झाली. (पाचव्या प्रकरणात एक शिंक आहे. ती इन्स्पेक्टरची समजावी.) फायलींना नावं मी दिली: प्रकरण १, प्रकरण २, असं करत बारापर्यंत. इंग्रजी आकडे टाकू का, असं विचारलं होतं हो मी! तर म्हणाली, “लुगड्यावर टाय बांधू का मग?” झालं. मी मराठी आकडे टाकले.

आता आमच्या मंडळाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बैठक असते, आणि कथा चालू असताना लेखकाला आत बसू देत नाहीत. त्याने बाहेर व्हरांड्यात बाकावर बसायचं. कारण काय, तर लेखक समोर असला की ऐकणाऱ्यांना मोकळेपणी जांभई देता येत नाही. त्यामुळे ही बाहेर, मी आत कॉम्प्युटरपाशी. मी फोल्डर उघडलं, सगळ्या फायली एकदम निवडल्या, बटण दाबलं आणि सुरू. तुमच्या सॉफ्टवेअरने ज्या ओळीने लावल्या होत्या त्याच ओळीने वाजल्या. पहिल्या प्रकरणात बाई मेलेल्या सापडल्या. लगेच दहावं. मग अकराव्यात खुनी पकडला, बाराव्यात त्याचं जे काय व्हायचं ते होऊन गेलं. आणि मग दुसरं प्रकरण लागलं, त्यात इन्स्पेक्टर दारातून आत येतो आणि विचारतो, “कोणी केलं असेल हे?” पुढची सगळी प्रकरणं तो बिचारा वणवण हिंडतोय, आणि बेड्या पडलेला खुनी त्याला चहा करून देतोय. नवव्याच्या शेवटी घरातले दिवे जातात. हॉलमध्ये मग टाळ्यांचा कडकडाट!

टाळ्या ऐकून ही आत आली. अध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमास्तर. ते उठले आणि म्हणाले की लेखिकेने शेवटी दिवे घालवून आपल्या सर्वांना अंधारात ठेवलं, हे धाडस सोपं नाही. खजिनदार बाई म्हणाल्या, मला तर शेवटपर्यंत कोणाचाच संशय आला नाही. एकालाही, जावईबापू, एकालाही कळलं नाही! हिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. चारचौघांत नमस्कार केला, आभार मानले. मी समजून चुकलो की घरी गेल्यावर आपली धडगत नाही.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तिने तोंड उघडलं. म्हणाली, “ते परके. त्यांना डुलक्या लागल्या असतील. तुम्ही तर मशीनच्या समोर बसला होतात. पहिल्यामागोमाग दहावं प्रकरण लागलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात?” मी सांगितलं की माझं सगळं लक्ष आवाजाच्या बटणावर होतं, डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं तुम्ही अजून अनुभवलेलं नाही, देव करो आणि तशी वेळ न येवो. दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि दारात सांगितलं, “क्रम नीट लागला की कळवा, मग बघू.” तिने एवढी वर्षं मनात धरून लिहिलेली गोष्ट, आणि ती अशी उलटीपालटी झाली. मलाही वाईट वाटलं हो. तिच्यापेक्षा कमी नाही.

म्हणून कंबर कसली. शेजारचे विमावाले म्हणाले, आकडे सोडा, बाराखडी घाला. बारा प्रकरणं, बारा स्वर, जणू देवानेच मापून दिलेत. मलाही पटलं. अ, आ, इ, ई करत शेवटी अं आणि अः. जगात जो कोणी मराठी पाटीवर शिकला, त्याला ठाऊक आहे की अं आणि अः ही जोडी शेवटी येते. तुमच्या सॉफ्टवेअरला ठाऊक नाही! अ च्या पाठोपाठ अं, मग अः, आणि आ बिचारा चौथा. म्हणजे पुन्हा बाई मेल्या की लगेच खुनी पकडला! आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. विमावाल्यांनी हात वर केले आणि जाता जाता कॉम्प्युटरचा विमा उतरवायला सुचवलं.

तेव्हा तुम्हाला निक्षून सांगतो, म्हणजे विनंती करतो: साहेबांच्या कानावर घाला, यंत्राच्या कानावर घाला, कोणाच्याही घाला, पण येत्या शनिवारच्या आत दोननंतर तीन यायला लावा. घरात जावई असलेला माणूस आणखी कोणाकडे जाणार? काखेत कळसा असताना मी गावाला वळसा का घालू?

तुमचा,
(सध्या एकटाच)
सासरा

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? खरी गोष्ट वेगळीच आहे. काल तिचा फोन आला होता. रविवारी येते म्हणाली, पण दारातच एक प्रश्न विचारणार आहे: खुनी कोण? उत्तर आलं तर बॅग आत, नाही तर रिक्षा उभीच ठेवणार आहे. जावईबापू, मला माहीत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मी डुलक्या घेत होतो, आणि हॉलमध्ये मला पहिल्याच प्रकरणात झोप लागली; वर कुठल्या प्रकरणात काय ते लिहिलं, ते घरी आल्यावर तिच्या तोंडून ऐकलेलं, खुन्याचं नाव तेवढं तिने घेतलं नाही. त्यात माझा काही दोष नाही. लग्न झाल्यापासून ती जेवणानंतर मोठ्याने वाचते आणि मी त्या आवाजावर झोपतो, आता अंगाला सवयच झाली आहे. ती गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही. म्हणून प्रकरणं लावली, एकेक दाबून, बरोबर क्रमाने. पण तिने “प्रकरण दुसरं” म्हटलं की मी घोरायला लागतो. इतकी गाढ झोप की विचारू नका. तेव्हा बोलता बोलता सहज विषय काढा आणि खुनी कोण ते मला कळवा. चिंगीला मधे घेऊ नका, ती आईची आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून बरं. आज सकाळी शेवटचा उपाय म्हणून फायलींना अक्षरी नावं दिली: पहिले, दुसरे, तिसरे. तुमच्या सॉफ्टवेअरने सगळ्यांत वर ठेवलं ‘अकरावे’. वैतागून तेच लावलं, आणि पहिलंच असल्यामुळे जागेपणी ऐकलं. खुनी कळला. त्या बाईंचा नवरा. निवृत्त आहे, चहात साखर जास्त घालतो, आणि बायको काही सांगायला लागली की “हं, हं, ऐकतोय” म्हणत डोळे मिटतो. आता सॉफ्टवेअरचं राहू द्या, रविवारचं उत्तर मला आलं आहे. पण बारावं प्रकरण लावायला बोट धजत नाही. त्यात ती त्याला फासावर देते का माफ करते, तेवढं रविवारच्या आत विचारून ठेवा.