कच्चा आवाज

रविवार, १२ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय सकाळपासून माझ्या तक्रारी करते आहे, म्हणजे तब्येतीने उत्तम आहे.

काल स्टुडिओ आवरायला घेतला. या एका खोलीत मी काय काय केलं! गाणी लिहिली, चाली लावल्या, दुसऱ्यांचे अल्बम करून दिले. आता मालिकेत कुणी रागाने दार उघडलं की मागे जे वाजतं ते करतो. भावोजी विचारतात, याला संगीत म्हणायचं का? त्यांना सांग, मलाही शंका आहे.

परवा मुलाखतीत आपल्या पहिल्या गाण्याचा विषय निघाला. तुला आठवतं? गायिकेला चाल कळावी म्हणून आधी तू गायचीस. आम्ही त्याला कच्चा आवाज म्हणायचो. ती त्यावरून शिकायची, आणि तिचं रेकॉर्डिंग झालं की तुझा आवाज पुसायचा. सगळीकडे तशीच रीत होती. तू मात्र जाताना टेबलावरचे कपही विसळून ठेवायचीस.

त्या गाण्यात 'उंबरा' शब्दाआधी तू थांबलीस, कारण माझं अक्षर तुला लागेना. गायिकाबाईंनी ते थांबणंही जसंच्या तसं उचललं. लोक अजून तिथे मान डोलावतात. मुलाखतकाराने विचारलं, ही जागा कशी सुचली? मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, साधनेतून. तू असतीस तर हसून हसून लोळली असतीस.

भाचीचा फोन आला होता. मला सांगू नको म्हणून तू तिला बजावलं होतंस, पण तिच्या पोटात काही राहत नाही. गुरुवारी तुझ्या घशाचं ऑपरेशन. जिवाला धोका नाही, पण आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ताई, हे आधीच लिहायचं होतं, धीर होईना. मला फार भीती वाटते. अजूनही नवी चाल सुचली की माझ्या डोक्यात ती तूच गातेस.

एक चाल तयार आहे. शब्द मोठ्या अक्षरात लिहिलेत, शेजाऱ्यांकडून वाचून घेतलेत. मंगळवारी सकाळी ये. माईक तुझ्या उंचीला लावून ठेवलाय. आवाज बसलाय अशी सबब सांगू नकोस, मला तोच हवा आहे. कप मी विसळीन.

यावेळी तुझ्यानंतर गायला कुणी येणार नाही.

वाट पाहणारा,
तुझा ढोलक्या