कंपासजवळ लोखंड नको

२६ नोव्हेंबर
बबनरावकाकांची कालवड वाघानं नेली. त्यांचं वावर आमच्या वावराला लागूनच! ठसे पाहिले. माझा तळहात आत मावला, वर जागा उरली.
कापूस फुटून पांढरा झालाय आणि एकही बाई वेचायला यायला तयार नाही. दरवर्षी वेचायला येणारी जमनीकाकू म्हणाली, "तुरीत वाघ बसला असन तं दिसन कोणाले?" आई उद्या एकटीच वेचायला जाणार म्हणते.
एकटी!

२७ नोव्हेंबर
मीही गेले आईसोबत. दिवसभर दोघी एकमेकींना हाका मारत वेचत होतो. हाक थांबली की मी वेचणं सोडून तिच्याकडं धावायची.
फॉरेस्टवाले म्हणतात फटाके फोडा, घोळक्यानं जा. घोळका आणायचा कुठून? माळ्यावर माझा ड्रोन पडलाय, डिप्लोमाला असताना बनवलेला. आधी वरून वावर बघितलं तर? जमनीकाकूला विचारलं. "तू पाहून सांगशीन तं येतो."
तू सांगशील तर. हे काही डोक्यातून जात नाही.

२९ नोव्हेंबर
उडवला. जागेवर थांबायचं सोडून गोल फिरायला लागला. गोल मोठा मोठा होत गेला, माझं ऐकेचना — आणि अंगणात उभ्या आईच्या खांद्याला घासून गेला. पंख्यांनी पदर फाटला. वीतभर आत असता तर —
आई एवढंच म्हणाली, "वाघाआधी हाच मारन मले."


३० नोव्हेंबर
नयनला फोन केला. कॉलेजातली मैत्रीण, यवतमाळला ड्रोन दुरुस्त करते. तिचा पहिलाच प्रश्न, "कंपास कुठं बसवला वं?"
बॅटरीच्या वायरींवरच! मोटारी जोरात फिरल्या की वायरीतला करंट वाढतो, त्याचं चुंबकत्व कंपासला खेचतं. ड्रोनला उत्तर दिशा कुठं तेच कळत नाही. सावरायला जातो आणि गोल फिरत बसतो.

२ डिसेंबर
कंपास काढून वीतभर उंच प्लास्टिकच्या नळीवर बसवला. लाल आणि काळी वायर एकमेकींना पीळ देऊन बांधल्या. जवळचे लोखंडी स्क्रू काढून नायलॉनचे लावले. मग पंखे उलटे लावून, ड्रोन पाटाला बांधून मोटारी फुल्ल. आधी फोनवरचा दिशेचा बाण चाळीस अंश सरकायचा. आता तीन!
तरी धाकधूक जाईना. पाटावर खरा, आभाळात खोटा निघाला तर? मी "मोकळं आहे" म्हणायचं, आणि जमनीकाकूनं माझ्या भरवशावर आत शिरायचं…

४ डिसेंबर
कंपास नव्यानं जुळवायचा तर आजूबाजूला लोखंड नको. घराला टिनाचं छप्पर. वावरात पंपाचा पाइप, तारेचं कुंपण. शेवटी तुरीला लागून एक पडीक तुकडा सापडला. आई विळा घेऊन सोबत आलेली — तिलाही लांब पाठवलं.
"विळा नाही तं काय हात हालवत उभी राहू?"
"आई, पंपापाशी थांब. पाचच मिनिटं."
ड्रोन हातात धरून सहाही बाजूंनी गरगर फिरवला, अंगात आल्यासारखी दिसत असेन. मग उडवला. डोक्यावर, एका जागी, स्थिर! मिनिटभर मी फक्त बाण बघत राहिले. तसूभर हलला नाही. मग कापसाच्या आणि तुरीच्या ओळीओळीवरून नेला, आता कॅमेऱ्याच्या चित्रावर डोळे लावून. काही नाही. परत एकदा. काही नाही.
मग रस्त्यावर थांबलेल्या बायकांना ओरडून सांगितलं, "मोकळं आहे, या!"
अकरा जणी आल्या. उन्हं असतानाच सगळ्या घरी. जमनीकाकू माझ्या गालावरून हात फिरवून गेली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

५ डिसेंबर
आईला फोन करून सगळ्यांना रस्त्यातूनच परत बोलावलं. फॉरेस्टवाल्यांनाही कळवलं. आता लिहिते.
कॅमेऱ्याचं कार्ड सकाळी कॉम्प्युटरला लावलं. कालचं पहिलं मिनिट. मी बाण बघत होते, तेच. खाली मी, फोनमध्ये मान घातलेली. माझ्या मागं तुरीची तिसरी ओळ. तिथं तो बसलाय, माझ्याकडं तोंड करून.
पुढच्या मिनिटाला तिथं नुसती हलणारी तूर.